काचेच्या आतल्या बाजूने

१

गाड्यांच्या काचांना काळी फिल्म लावणाऱ्या माणसाला धुळीचं फार वावडं असतं. धुळीचा एक कण फिल्मखाली राहिला की तिथे फुगा धरतो. तो फुगा गिऱ्हाइकाला रोज दिसतो आणि गिऱ्हाईक रोज शिव्या घालतं. म्हणून काचवाला सकाळी दुकान उघडलं की आधी फरशीवर पाणी मारायचा, मग कोपरापर्यंत हात धुवायचा आणि मगच गाडीला हात लावायचा. साबणाचं पाणी फवारायचं, काचेच्या आतल्या बाजूने फिल्म बसवायची, रबर फिरवून पाणी बाहेर काढायचं आणि कडा ब्लेडने कापायच्या. वर मोठ्या तोऱ्यात म्हणायचा, "माझ्या हातच्या काचेत फुगा दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो!" आजवर कुणाची तशी हिंमत झाली नव्हती.

दुकान चौकाला लागूनच होतं आणि धंदा जोरात चालायचा. येणारे सांगायचे, "ऊन फार लागतं हो." तो मान डोलवायचा. खरं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. चौकातला सिग्नल लांबलचक होता आणि तिथे भीक मागणारे बरेच. काच काळी असली की बाहेरच्याला आतलं दिसत नाही. नजरेला नजर भिडत नाही. "एकदा नजर भिडली की माणूस अडकलाच," तो गिऱ्हाइकांना हळूच सांगायचा, आणि गिऱ्हाइकं ओशाळं हसून सगळ्यात काळी फिल्म पसंत करायची.

त्या भीक मागणाऱ्यांत एक म्हातारा होता. बाकीचे काच वाजवायचे, गयावया करायचे, पोटावर हात मारून दाखवायचे. हा बाबा त्यातलं काहीच करायचा नाही. गाडीपाशी यायचा, तळवा काचेवर सपाट ठेवायचा आणि उभा राहायचा. दिवा हिरवा झाला की तळवा उचलायचा. काचेवर पाच बोटांचा मळकट ठसा राहायचा. काचवाल्याला म्हाताऱ्याचा राग यायचा तो त्या ठशांमुळे. दिवसभर राबून काचा चकचकीत करायच्या आणि पन्नास पावलांवर ह्याने पंजा उमटवायचा, हे काय झालं?

२

काचवाल्याची लेक होती सहा-सात वर्षांची, घरी सगळे तिला चिमणी म्हणायचे. पोरगी हळवी. मागे एकदा सिग्नलला गाडी थांबली आणि म्हाताऱ्याने काचेवर तळवा ठेवला. कुणाचं लक्ष नाही हे बघून चिमणीने काच खाली केली आणि पायातला नवा कोरा बूट काढून त्याला देऊन टाकला.

"अगं बाई! एका बुटाचं काय करणार तो?" बायकोने कपाळावर हात मारला.

"दुसरा उद्या देणार होते," चिमणी म्हणाली.

बायको पोट धरून हसली. काचवाल्याला मात्र हसू आलं नाही. ह्या पोरीचं पुढे कसं व्हायचं, जो तो हिला लुबाडेल, ह्या विचाराने त्याचा जीव खालीवर झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतःच्या गाडीलाही काळी फिल्म लावली आणि एक खेळ काढला. खेळाचं नाव पुतळा. लाल दिवा लागला की बाबा पुढच्या सीटवरून मागे वळून नाकावर बोट ठेवणार. लगेच सगळ्यांनी पुतळा व्हायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, नजर थेट दिव्यावर. बाजूच्या काचेकडे जो बघेल तो हरला. जिंकेल त्याने रेडिओवर गाणं लावायचं.

सुरुवातीला चिमणी रोज हरायची. तिचे ओठ थरथरायचे, डोळे हळूच काचेकडे सरकायचे. मग एक दिवस ती जिंकली. त्यानंतर ती कधी हरलीच नाही.

"पोरीला दगड बनवताय तुम्ही," बायको एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली.

"दगड नाही, शहाणी बनवतोय. तू म्हणतेस तसं सगळ्यांना देत बसलो तर आपणच तिथे उभे राहू."

"देऊ नका ना! मी कुठे म्हणते द्या? मलाही रोज द्यायला जमत नाही. पण अहो, माणसाकडे बघून नाही म्हणता येतं की. बाबा, आज नाही, एवढं म्हटलं तर काय तोंड झिजतं?"

"नाही म्हटलं तरी तो उभाच राहतो. न बघितलं की आपोआप जातो."

"जातो कुठे पण?" बायकोने विचारलं.

काचवाला टॉवेल उचलून आंघोळीला गेला.

३

दातांच्या डॉक्टरीणबाई त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या एका सकाळी तणतणत आल्या.

"मागच्या काचेवर हाताचा ठसा आहे. गाडी धुणाऱ्याने पुसला, मी पुसला, जात नाही. तुमचं काम असं नसतं कधी."

काचवाला फडकं घेऊन गेला. बाहेरून पुसलं, ठसा तसाच. आत बसून पुसलं, तसाच. मग त्याने नख लावून बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. ठसा काचेवर बाहेरून नव्हता आणि फिल्मवर आतूनही नव्हता. तो दोन्हींच्या मध्ये होता. फिल्म लावायच्या आधी कुणीतरी गाडीत बसून काचेच्या आतल्या बाजूला तळवा टेकवला असेल, तरच हे होणार. आणि फिल्म लावायच्या आधी ती काच त्याने स्वतः दोनदा धुतली होती.

"तुमच्या मागच्या सीटवर कोण बसतं, बाई?"

"कुणी नाही हो. मी एकटीच असते."

शेजारच्या गॅरेजातला मेकॅनिक, सगळे त्याला लांब्या म्हणायचे, कंबरेवर हात ठेवून मजा बघत होता. "काय उस्ताद, दुकान कुणाच्या नावावर करताय?"

"तू तुझी चाकं बघ," काचवाला खेकसला.

त्याने फिल्म सोलून काढली, काच पुन्हा धुतली, पुन्हा रबर फिरवलं. काम झाल्यावर गाडी उजेडात घेऊन बघितलं. काच निर्मळ होती. डॉक्टरीणबाई गेल्या आणि दोनच दिवसांनी परत आल्या. त्या ह्या वेळी चिडलेल्या नव्हत्या. गाडीतून उतरून त्या जरा लांबच उभ्या राहिल्या.

"परत आलाय," त्या म्हणाल्या.

काचवाल्याने ह्या वेळी ठसा नीट बघितला. उजवा हात. मोठा, राबणारा तळवा. बोटं स्पष्ट, रेषा स्पष्ट. फक्त अंगठ्याच्या बुडाशी एक आडवी जागा कोरी होती, कडा सरळ असलेली. हाताला तिथे बँडेज बांधलेलं असावं तशी.

४

त्या आठवड्यात आणखी गाड्या आल्या. तोच तळवा, तीच कोरी जागा. काचवाल्याची झोप उडाली. त्याने फिल्मच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"तुमच्या मालात खोट आहे. गोंदात कुणाचा तरी हात लागलाय."

"साहेब, रोल मशीनवर बनतो, मशीनवर गुंडाळला जातो. तुम्ही उघडेपर्यंत माणसाचा हातच लागत नाही त्याला," व्यापारी म्हणाला.

तरी त्याने नवा रोल मागवला. दुसऱ्या कंपनीचा साबण आणला. दुकानाला जाळी बसवली. माणूस घाबरला की कामाला लागतो, तसं त्याचं झालं होतं. दिवसभर तो स्वतःला समजावत होता: उष्णतेने होतं असं, दमटपणाने होतं, कुणीतरी खोडी काढतंय. लांब्याच असेल मेला. पण लांब्याच्या हाताची बोटं काठ्यांसारखी होती, आणि त्याच्या हाताला बँडेज नव्हतं.

मग एका संध्याकाळी घरी गाडी लावताना त्याला तो ठसा स्वतःच्या गाडीवर दिसला. मागच्या काचेवर. चिमणी बसते त्या बाजूला, तिच्या डोक्याच्या उंचीवर.

त्याच्या जिवाचं पाणी झालं. मग जीव पाणी झाल्यावर येतो तो राग आला. सकाळी दुकान न उघडता तो सरळ चौकात गेला. म्हातारा दुभाजकावर सिग्नलच्या खांबाला टेकून बसला होता. त्याच्या बुडाखालची जागा घासून घासून गुळगुळीत झाली होती.

"हात दाखव," काचवाला म्हणाला.

म्हाताऱ्याने मान वर केली. इतक्या वर्षांत काचवाल्याने त्याचा चेहरा कधी बघितलाच नव्हता. साधा चेहरा होता, कुणाच्याही काकाचा असावा तसा. दाढी वाढलेली, डोळे स्वच्छ.

"कुठला, साहेब?"

"उजवा."

म्हाताऱ्याने तळवा पुढे केला. काचवाला वाकला, उलटसुलट करून बघू लागला. तळवा लहान होता, सुकलेला. अंगठ्याच्या बुडाशी जखम नाही, वण नाही, बँडेज तर नाहीच. ठशातल्या हातात असे दोन हात मावले असते. आता कुणावर खेकसायचं हेच काचवाल्याला कळेना.

"तुम्हीच दुकानवाले ना, काचांचे?" म्हातारा म्हणाला. "रोज जाता इथून. आज थांबलात."

"कुणी दुसरा असतो का इथे? हाताला बँडेज बांधलेला?"

"अजून तरी नाही," म्हातारा म्हणाला.

त्याने हात मागे घेतला नव्हता. तळवा वरच होता. काचवाल्याने खिशात हात घातला. खिशात किल्ल्या लागल्या, रुमाल लागला, चिमणीसाठी घेतलेला बिस्किटांचा पुडा लागला. बायकोचं बोलणं त्याला आठवलं. एवढं म्हटलं तर काय तोंड झिजतं? पण पाठीमागे गाड्या थांबल्या होत्या, सगळी आपलीच गिऱ्हाइकं, काळ्या काचांआडून बघत असतील. त्याने पुढच्या दिव्याकडे नजर लावली आणि तसाच दुकानाकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा जागेवर नव्हता. त्यानंतरही नव्हता. काचवाल्याने सुटकेचा नि:श्वास सोडला, आणि आपल्याला बरं वाटतंय ह्याची त्याला लाजही वाटली.

५

रविवारी त्याने मनाशी पक्कं केलं की आपल्या गाडीवरची सगळी फिल्म उतरवून टाकायची. उन्हाने भाजलो तरी चालेल, पण चिमणीच्या डोक्याशी तो हात नको. गाडी अंगणात उभी होती. त्याने चिमणीच्या बाजूने सुरुवात केली. कोपऱ्यात ब्लेड घातलं, फिल्मची कड उचलली. वीस वर्षं हातात ब्लेड खेळवलेला माणूस, डोळे मिटूनही चुकला नसता. पण कड उचलताना त्याची नजर ठशावर गेली आणि ब्लेड घसरलं.

"आई गं!"

बायको धावत आली. रक्त बरंच होतं. तिने नळाखाली हात धरला, कापूस दाबला, दातांनी टोक तोडून बँडेज बांधलं. तोंडाने बोलणं चालूच होतं. "सुट्टीच्या दिवशी तरी गप्प बसा की. काय नडलं होतं? ताईकडे जायचंय दुपारी, विसरलात? आता गाडी मलाच चालवावी लागणार."

काचवाला ऐकत नव्हता. तो बँडेजकडे बघत होता. उजवा हात. अंगठ्याच्या बुडाशी, आडवं, कडा सरळ.

"काय झालं? चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा."

"काही नाही. रक्त बघून."

"तुम्ही आणि रक्त बघून?" ती आत गेली.

अंगणात कुणी नव्हतं. काचवाला उठला आणि गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. त्याने तळवा ठशावर ठेवला. ठेवायचा नव्हता, तरी ठेवला. बोटावर बोट आलं, रेषेवर रेष आली, कोऱ्या जागेवर बँडेज आलं. काच गार होती. तळव्याला मात्र पलीकडून ऊब लागत होती.

तो गाडीतून उतरला आणि घरात जाऊन त्याने चिमणीला घट्ट जवळ घेतलं. "बाबा, गुदमरतंय!" ती हसत ओरडली.

६

"आज नको जाऊया," तो म्हणाला.

"ताईने स्वयंपाक केलाय. हात कापलाय, पाय नाही," बायको म्हणाली आणि तिने गाडी काढली. तो तिच्या बाजूला बसला, चिमणी मागे. दुपारचं लख्ख ऊन होतं, रस्ते मोकळे होते. अशा उजेडात कसली भीती, असं त्याने स्वतःला बजावलं. उद्या सकाळी दुकानात जाऊन फिल्म काढायची. हात दुखला तरी काढायची. आणि म्हातारा कुठे गेला त्याची चौकशी करायची.

चौकात लाल दिवा लागला. दुभाजकावरची गुळगुळीत जागा रिकामी होती.

"तुमच्या बाजूचा आरसा मिटलाय," बायको म्हणाली. "मागचं काही दिसत नाही मला. जरा उघडता का?"

त्याच्या बाजूची काच खाली जाईना. फिल्मची कड उचकटली होती ती मागच्या काचेची, हिची नव्हे. तरी बटण दाबून दाबून काच जागची हलेना. "थांब," म्हणून तो दार उघडून उतरला. आरसा उघडला. दार त्याच्या मागे लागलं. त्याने दाराची मूठ ओढली. दार उघडेना.

त्याने काचेवर टकटक केलं. "अगं, लॉक काढ."

बायको हलली नाही. काळ्या काचेतून तिची आकृती तेवढी दिसत होती. तोंड समोर, दिव्याकडे.

"अगं ए! चेष्टा पुरे." त्याने पुन्हा टकटक केलं, मग मुठीने वाजवलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला आणि डोकं बाहेर काढून ओरडला, "ए बाबा, बाजूला हो ना! काच फोडशील लोकांची!"

मला म्हणतोय हा? काचवाल्याने वळून बघितलं. गाडीवाल्याने काच वर केली होती. फिल्म काचवाल्याच्याच हातची होती.

तो मागच्या दारापाशी गेला. चिमणीच्या काचेला नाक लावलं, उजेड अडवायला डावा हात कपाळाशी धरला, आणि तोल सावरायला उजवा तळवा काचेवर टेकवला. तळवा बरोबर ठशावर आला.

आतलं दिसलं. चिमणी पुतळा झाली होती. हात मांडीवर, नजर दिव्यावर. बायको स्टीअरिंगवर. आणि तिच्या बाजूची सीट रिकामी नव्हती. तिथे कुणीतरी बसलं होतं. मागून मान दिसत होती आणि सदऱ्याची कॉलर. सकाळी काचवाल्याने घातलेल्या सदऱ्याचीच.

"चिमणे," तो म्हणाला. "चिमणे, मी आहे. बाबा."

आणि चिमणी हरली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिची नजर दिव्यावरून सुटली, हळूहळू काचेकडे आली, त्याच्या तळव्यावर, मग चेहऱ्यावर थांबली. काचवाल्याला रडू फुटलं. बघितलं पोरीने, बघितलं! तो जोरजोराने मान हलवू लागला.

चिमणीचे ओठ थरथरले. तिने खाली वाकून पायातला बूट काढायला घेतला.

"नको गं, बूट नको, दार उघड..."

पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळला. त्याचा चेहरा सीटच्या सावलीत होता. दिसला तो फक्त हात. मोठा, राबणारा उजवा हात, त्यावर ना जखम ना बँडेज. त्या हाताचं बोट वर गेलं आणि नाकावर टेकलं.

पोरगी शहाणी. बूट अर्धा काढलेला तसाच ठेवला, पाठ ताठ केली, हात मांडीवर घेतले आणि नजर दिव्यावर लावली.

दिवा हिरवा झाला. काच त्याच्या तळव्याखालून निघून गेली. तो गाडीमागे धावला, चार पावलं, मग दोन्हीकडून गाड्या आल्या आणि त्याला दुभाजकावर चढावं लागलं. खांबापाशी त्याचा पाय गुळगुळीत जागेवर पडला.

पुन्हा लाल दिवा लागला. पहिल्या रांगेत डॉक्टरीणबाईंची गाडी येऊन थांबली. ह्या ओळखतील! त्याने ओरडण्यासाठी तोंड उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं की ओरडणाऱ्यांकडे तर लोक मुळीच बघत नाहीत.

तो गाडीपाशी गेला. काचेत एकही फुगा नव्हता. त्याने तळवा काचेवर सपाट ठेवला आणि उभा राहिला.